आहेरातला रॉड

कपाटाचं दार उघडताच टॉवेलांचा ढीग दत्तोबांच्या पायावर कोसळला. त्यांना हवा होता सदरा. तो टॉवेलांच्या मागं कुठंतरी होता.

"अनिता!" त्यांनी सुनेला हाक मारली. "हे समदं टॉवेल ने आन पेटवून दे."

"मामा, आहेराचं हायती ते. पेटवत्यात व्हय?"

"मग काय करत्यात? लोणचं घालत्यात?"

अनिता टॉवेलांच्या घड्या घालायला बसली.

माणूस गेलं की घरात टॉवेल येतात. का येतात, ते कुणी सांगत नाही. दत्तोबांच्या पत्नी मुक्ताबाई गेल्या तेव्हा प्रत्येक पाहुण्यानं दुखवट्याचा आहेर म्हणून दत्तोबांच्या खांद्यावर एक टॉवेल टाकला आणि डोक्यावर एक टोपी ठेवली. टॉवेल असे, की अंग पुसलं तर पाणी अंगावरच राहायचं, फक्त जागा बदलायचं. टोप्या कुणाच्या मापाच्या होत्या देव जाणे. त्यातली एकही दत्तोबांच्या डोक्याला बसली नाही. ज्याची बायको गेली त्याला नवी टोपी कशाला हवी, हा प्रश्न अख्ख्या पणदरे गावात कुणाला पडला नव्हता. आणि आता वर्षश्राद्ध आलं होतं. म्हणजे पुन्हा तेच.

टॉवेल तरी परवडले, ते कपाटात राहतात. माणसं राहत नाहीत. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर कुणीतरी बसलेलंच. "लई एकटं वाटत आसंल, न्हाय का?" असं विचारायला घोळका यायचा. एकटं वाटायला माणूस आधी एकटा असावा लागतो, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. दत्तोबा जेवायला बसले की कुणीतरी समोर बसून त्यांचे घास बघायचं. दुपारी डोळा लागला की "काय हुतंय का?" असं विचारायला हलवून उठवायचं. वर्षभर हे चाललं होतं. बायको गेल्यावर माणसाला निदान गप्प बसू द्यावं, एवढीही रीत या गावात नव्हती.

यावर दत्तोबांनी एक उपाय शोधून ठेवला होता. मुक्ताबाईंचं माहेर पळसदेवला, उजनीच्या पाण्याच्या कडेला. तिथं जायचं आणि गळ टाकून बसायचं. त्यामागं त्यांचा विचार पक्का होता. नुसता बसलेला माणूस दुःखी दिसतो आणि लोक गोळा होतात. गळ टाकून बसलेला माणूस कामात असतो. त्याच्याशी बोललं तर मासा पळतो, म्हणून लोक लांबूनच जातात.

तरुणपणी त्यांनी बांबूच्या काठीनं मासे धरले होते. आता हात थकले होते, म्हणून सामान नीट निवडायचं त्यांनी ठरवलं. इंदापुरात त्यांची धाकटी बहीण छबूबाई राहायची. तिच्याकडं गेलं की ते तिथल्या वाजिदच्या दुकानात जायचे. वाजिद जाळी, दोर आणि मासेमारीचं सगळं सामान विकायचा. दत्तोबांना धरायची होती मरळ. मरळ गवतात दबा धरून बसते, बेडूक दिसला की झडप घालते आणि पुन्हा गवतात घुसते. तिला तिथून ओढून काढायला रॉड आखूड आणि ताठ हवा, रीळ मुठीत मावेल एवढं हवं, दोरा विणलेला हवा. आणि आमिष म्हणून रबरी बेडूक. वाजिद त्याला ल्यूर म्हणायचा. तोही काळा हवा, कारण पाण्याखालून वर बघणाऱ्या मासळीला काळंच स्पष्ट दिसतं. दत्तोबांनी एकेक रॉड हातात घेऊन, वाकवून, दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून हवेत फेकून बघितला होता.

"आबा, लोक मुलगी बगायला पण एवढ्या चकरा मारत न्हायत," वाजिद म्हणाला होता.

"मुलगी एकदाच बगितली व्हती. चांगली निगाली," दत्तोबा म्हणाले. "दर खेपेला नशीब तसं आसंल, आसं थोडंच हाय?"

मग दत्तोबांनी निवडलेला रॉड, रीळ आणि काळा बेडूक वाजिदनं एका पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला. वर्ष सरेपर्यंत घरात हौसेची वस्तू आणायची नाही, ही रीत दत्तोबा पाळत होते. वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी सामान न्यायचं ठरलं.

हे सगळं इतकं सरळ होतं. बिघडलं ते एका फोननं.

"छबू, ह्या खेपेला टॉवेल-टोपी आणू नका. समद्यांना सांगून ठेव," दत्तोबांनी बहिणीला बजावलं.

"मग काय आणायचं, दादा?"

"काय बी आणायचं न्हाय! मला काय लागत न्हाय. श्राद्ध झालं की मी वाजिदकडनं रॉड घेणार, रीळ घेणार, रबराचा बेडूक घेणार आन पळसदेवला जाऊन बसणार. बास."

"रॉड, रीळ आन बेडूक," छबूबाई सावकाश म्हणाल्या. "बरं. सांगते समद्यांना."

वर्षश्राद्धाच्या दिवशी दारात मांडव उभा राहिला. विधी झाले, पंगती उठल्या आणि दत्तोबांना पाटावर बसवून आहेराला सुरुवात झाली. माइकवर भावकीतला एक जण आहेर पुकारत होता. पहिला मान माहेरचा. मुक्ताबाईंचे धाकटे भाऊ गेणबा पळसदेवहून आले होते. ते मांडवात शिरले तेव्हा त्यांच्या हातात एक लांबलचक वस्तू होती. तिचं मागचं टोक दुसऱ्या एकानं धरलं होतं, शिडी धरतात तसं. वळताना तिचं पुढचं टोक मांडवाच्या कापडात अडकलं.

"पळसदेवचे गेणबा यांच्याकडून," माइक गरजला, "दाजींना एक रॉड!"

दत्तोबा पाटावरून अर्धवट उठले. "गेणबा, हे काय रं?"

"रॉड, दाजी. छबूताईचा फोन आलता. टॉवेल नगं, रॉड पायजे म्हणल्या."

"आरं, पण माझा रॉड वाजिदकडं बाजूला ठेवलेला हाय!"

"दावला की त्यानं. एवढासा!" गेणबांनी हात कोपरापर्यंत मोजून दाखवला. "म्हणलं, सख्ख्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला आखूड आहेर नेला तर गावात त्वांड दावायला जागा ऱ्हायची न्हाय. दुकानातला समद्यात लांब काढायला लावला. समुद्रावर खडकावर हुबं ऱ्हाऊन टाकत्यात म्हणं ह्यो."

"पळसदेवला समुद्र कुठनं आला?"

"नसू द्या की. आहेर हाय त्यो."

दत्तोबा पुढं काही बोलणार, तेवढ्यात माइकनं दुसरं नाव घेतलं. बारामतीचे जालिंदरराव, म्हणजे अनिताचे वडील, दत्तोबांचे व्याही. ते ताट घेऊन आले. ताटात नारळ होता आणि नारळाशेजारी शिलाई मशीनच्या चाकाएवढं एक रीळ होतं. ताट दोन्ही हातांनी धरूनही त्यांचे हात थरथरत होते.

"पावणं," दत्तोबा दाबलेल्या आवाजात म्हणाले, "ह्येनं विहिरीतनं मोटार वर निगंल."

"निगू द्या!" जालिंदरराव खूश झाले. "वाजिद मला मुठीएवढं रीळ दावत व्हता. म्हणलं, येडा हायस का? लेकीच्या सासऱ्याला बारकं रीळ दिलं तर बारामतीत हसं व्हईल माझं."

मग छबूबाई आल्या. त्यांनी बांगड्यांच्या डब्यासारखा डबा उघडला. आत रबरी बेडूक होते. लाल, पिवळे, पोपटी, प्रत्येक रंगाची जोडी. प्रत्येक बेडकाच्या कपाळाला हळदकुंकू लावलेलं होतं.

"काळा कुठं हाय?" दत्तोबांनी विचारलं. आता त्यांचा आवाज चढला होता.

"काळा? दादा, आहेरात काळं देत्यात व्हय? त्यो वाजिद काळाच पुढं करत व्हता. आसा झापला त्याला! म्हणलं, घरात श्राद्ध हाय आन काळं इकतोस? लाज वाटत न्हाय?"

"छबू, मरळीला रंगाचं काय! तिला..."

"मरळ बी बाईमाणूसच की. रंग बगितल्याशिवाय कशी यील?"

मांडवातल्या बायकांनी माना डोलावल्या. दत्तोबांनी कपाळाला हात लावला. वर्षभर एक गोष्ट, फक्त एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या मनानं निवडली होती, आणि तिचंही या लोकांनी वाटोळं केलं होतं.

पण खरी अडचण पुढंच होती. कुणीतरी हौसेनं रीळ रॉडवर बसवायला गेलं, तर ते बसेना. रिळाचा पाय मोठा आणि रॉडवरची खाच लहान.

"रीळच दांडगं आणलंय," गेणबा म्हणाले.

"रीळ बरोबर हाय," जालिंदरराव म्हणाले. "रॉड नुसता लांब हाय. जाडीत कायच न्हाय."

"माहेरच्या आहेराला नावं ठिवू नका, पावणं."

"मग तुमी व्याह्याच्या आहेराला ठिवू नका."

"दोन्हीतलं एक बदलून आणा की," मागून कुणीतरी बोललं आणि अख्ख्या मांडवानं वळून बघितलं. दिलेला आहेर बदलायचा? आणि बदलायचा तर कुणाचा? ज्याचा बदलेल त्याचा मान गेला. बोलणारा माणूस हळूच उठून हात धुवायला गेला.

दत्तोबांना मात्र आशा वाटली. "जाऊ द्या," ते गोडीनं म्हणाले. "दोन्ही माळ्यावर ठिवू. जपून ठिवू."

"माळ्यावर?" गेणबांचा चेहरा पडला. "दाजी, आहेर अंगावर चढवायचा आसतो."

हे खरं होतं. टोपी दिली की तिथंच डोक्यावर घालायची, टॉवेल तिथंच खांद्यावर टाकायचा. न घातलेला आहेर म्हणजे देणाऱ्याचा अपमान. याच रीतीपायी गेल्या वर्षी दत्तोबांनी दिवसभर टोपीवर टोपी घातली होती.

"आरं, रॉड अंगावर कसा चढवू? गळ्यात घालू?"

"पाण्यावर चला," जालिंदरराव म्हणाले. "गाडी हाय माझी. आत्ता चला. एकदा पाण्यात टाका, म्हंजे चढला आहेर."

"चला, चला," सगळा मांडव म्हणाला. दत्तोबांना कुणी विचारलं नाही.

जालिंदररावांच्या जीपमध्ये मावतील तेवढे बसले, उरलेले मागच्या टेम्पोत चढले. रॉड कशातच मावेना. शेवटी तो जीपच्या एका खिडकीतून आत आणि दुसरीतून बाहेर असा घातला. बाहेरच्या टोकाला अनितानं लाल फडकं बांधलं. बारामतीतून जाताना लोक थांबून बघत होते. एका चौकात ओळखीच्या माणसानं विचारलं, "काय नेताय?" आणि गेणबांनी मान बाहेर काढून सांगितलं, "आहेर!" तो माणूस बराच वेळ तिथंच उभा राहिला.

भिगवणजवळ छबूबाईंना एकदम आठवलं. "दादा, आज तिथी हाय. आज जीव मारायचा न्हाय."

"मग गाडी फिरवा!" दत्तोबा म्हणाले.

"फिरवायची कशाला? मासा धरायचा न्हाय. नुसतं टाकायचं." त्यांनी जालिंदररावांकडून पक्कड मागून घेतली आणि लाल बेडकाचे गळ कडाकडा तोडून खिडकीतून फेकायला निघाल्या. अनितानं ते काढून घेऊन डब्यात ठेवले.

दत्तोबा बघत राहिले. न बसणारं रीळ, समुद्रावरचा रॉड आणि गळ नसलेला, कुंकू लावलेला बेडूक. एवढं घेऊन दोन गाड्या भरून माणसं मासा न धरायला चालली होती. "ह्याला म्हणत्यात डोकं," ते खिडकीकडं बघत म्हणाले. आपल्याबद्दल बोलताहेत हे कुणाला समजलं नाही.

पळसदेवला पाण्याच्या कडेला सगळे उतरले. रीळ रॉडवर बसेना, तेव्हा अनितानं पिशवीत भरून आणलेले कपाटातले टॉवेल काढले. ते आवळून रीळ रॉडला बांधलं. वर्षभरात पहिल्यांदा ते टॉवेल कशाच्या तरी उपयोगी पडले. रिळावरचा दोरा ओवला, बेडूक लटकवला आणि दत्तोबांच्या हातात तो डोलारा दिला.

दत्तोबांनी तो उचलला आणि वर्षभराचा राग खांद्यात आणून फेकला. लाल बेडूक लांब गेला आणि पाण्यातल्या गवताच्या कडेला टप्पकन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चढला आहेर?" दत्तोबांनी विचारलं. "समाधान झालं? चला आता घरी."

तेवढ्यात गवताशेजारचं पाणी फुगलं, फुटलं आणि बेडूक दिसेनासा झाला. दोरा ताठ झाला.

"मरळ!" गेणबा ओरडले. "वडा, दाजी, वडा!"

"सोडा, दादा!" छबूबाई ओरडल्या. "आज श्राद्ध हाय!"

"रीळ फिरवा! माझं रीळ फिरवा!" जालिंदरराव नाचू लागले.

दत्तोबांनी रीळ फिरवलं. दोरा गुंडाळला गेला नाही, रीळच टॉवेलांसकट रॉडभोवती फिरलं. गळ नसतानाही मरळीनं बेडूक सोडला नव्हता. ती हट्टाला पेटली होती. रॉड कमानीसारखा वाकला. गेणबांनी धावत येऊन रॉड धरला, जालिंदररावांनी रीळ धरलं.

"रॉड वर घ्या!"

"रीळ खाली दाबा!"

"तुमच्या रिळानं घात क्येला!"

"रॉडनं क्येला, रॉडनं!"

दत्तोबा दोघांच्या मध्ये चेपले गेले होते. एकाचं कोपर त्यांच्या पोटात आणि दुसऱ्याची टोपी त्यांच्या डोळ्यावर होती. त्यांनी दोन्ही हात एकदम सोडले. "घ्या!" ते गरजले. "तुमचा रॉड तुमाला, तुमचं रीळ तुमाला! माझं काय बी न्हाय ह्येच्यात!"

गेणबांनी खाली बघितलं. जालिंदररावांनी खाली बघितलं. आपणच दिलेला आहेर आपल्याच हातात परत आला होता. एकदा दिलेला आहेर परत घेणं यासारखं पाप नाही. चटका बसावा तसे दोघांनी हात मागं घेतले.

रॉड उताराच्या चिखलावरून घसरला. रिळाचं वजन होतंच. दगड जावा तसा सगळा संच खोल पाण्यात गेला. थोडे बुडबुडे आले आणि तेही थांबले.

छबूबाईंनी हात जोडले. "वैनीनं नेला," त्या म्हणाल्या. "पोचला तिला."

एकेकानं हात जोडले. दत्तोबांना हे सहन होईना. "तिला काय करायचाय रॉड? आँ? जल्मात कदी मासा धरला न्हाय तिनं!"

"दाजी," गेणबा पाण्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "आमचं जुनं घर हितंच पाण्याखाली हाय, धरणात गेलेलं. ताई लहानपणी हितंच खेळायची."

दत्तोबांनी पाण्याकडं पाठ केली. मग ते आणखी चिडले. "बास!" ते म्हणाले. "एक वरीस ऐकून घेतलं तुमचं. उद्या मी माझा रॉड घेणार. हितं एकटा येणार, एकटा बसणार. कुणी मागं आलं, कुणी इचारपूस क्येली, तर त्येचं माझं नातं तुटलं. समजलं का समद्यांना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बोलणं एका फटक्यात सगळ्यांना पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा इंदापूरला गेले. वाजिदनं पोतं पुढं केलं. "आबा, मी सगळ्यांना सांगितलं व्हतं, पण..."

"तू बी बोलू नगंस," दत्तोबा म्हणाले आणि सामान घेऊन पळसदेवला आले.

आखूड रॉड हाताला बसला. रीळ आवाज न करता फिरत होतं. दत्तोबांनी काळा बेडूक गवताच्या कडेला टाकला आणि खाली बसले. कुणी विचारलं नाही, कुणी चहा पुढं केला नाही, कुणी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. गेणबांच्या घरापासून ही जागा हाकेवर होती, तरी तिकडूनही कुणी आलं नाही. रस्त्यानं जाणारा एक माणूस त्यांना बघून लांबून वळसा घालून गेला. विचार केला होता तसंच सगळं चाललं होतं.

ऊन चढलं तेव्हा मरळीनं झडप घातली. दत्तोबांनी झटका दिला. रॉड वाकला, पण त्यांनी तिला गवतात घुसू दिलं नाही. ओढत, ढील देत, पुन्हा ओढत त्यांनी ती काठावर आणली. हातभर मरळ होती. पाठ काळीशार, पोट पांढरं. तरुणपणीही एवढी कधी लागली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी वर उचलली आणि मागं वळून म्हणाले, "बगितली का!"

मागं कुणी नव्हतं. लांब एक बगळा उभा होता. त्यानं मान वळवली आणि परत पाण्याकडं बघायला लागला.

दत्तोबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी मरळ बादलीत टाकली, हात धोतराला पुसले आणि फोन काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"गेणबा! कुठं हायस?"

"उसाला पाणी देतोय, दाजी. का?"

"का म्हणून इचारतोस? सकाळधरनं तुमच्या गावात येऊन बसलोय. एक माणूस फिरकलं न्हाय! माणुसकी हाय का न्हाय?"

"आवो, पण दाजी, तुमीच म्हणला व्हता, मागं आलात तर नातं तुटलं."

"म्हणलो आसंल. माणूस रागात बोलतो. म्हणून काय खरंच यायचं न्हाय? हातभर मरळ धरलीय. ती दावू कुणाला? बगळ्याला?"

"हातभर?" गेणबांचा आवाज बदलला. "आलो, आलो. छबूताईला कळवतो. बारामतीच्या पावण्यांना बी फोन करतो."

"किती येळ लागंल?"

"आवो, पाणी दुसऱ्या वाफ्याला लावतो आन निगतो. अर्धा तास."

"अर्धा तास?" दत्तोबा ओरडले. "आरं, तवर मी काय हितं एकटाच बसू?"